माझी फी कोण भरते?

मी अमेरिकेतील एका विद्यापीठात संशोधक विद्यार्थी आहे. दिवाळीत साताऱ्याला आलो असताना मामांनी मामेबहिणीच्या अमेरिकेतील प्रवेशाचे कागद माझ्यापुढे पसरले आणि विचारले, "या विद्यापीठांना संशोधनासाठी एवढे पैसे मिळतात, तर मग पोरांकडून एवढी फी कशाला घेतात? आणि तुला तर एक पैसाही पडत नाही!"

माझी फी माफ नाही. ती दुसरे कोणीतरी भरते. माझ्या गाइडच्या ग्रँटचे, म्हणजे संशोधनासाठी मिळालेल्या निधीचे, अंदाजपत्रक मी पाहिले आहे. त्यात रसायनांच्या खाली माझे मासिक विद्यावेतन आणि त्याखाली माझी फी अशा ओळी आहेत. शेवटी 'ओव्हरहेड' येतो, म्हणजे इमारत, वीज, ग्रंथालय आणि कार्यालयीन कामाचा विद्यापीठाने लावलेला आकार. मोठ्या विद्यापीठांत तो थेट खर्चाच्या निम्म्याहून अधिक असू शकतो, मात्र विद्यार्थ्याची फी आणि महागडी उपकरणे त्या हिशेबातून वगळली जातात.

एवढे घेऊनही खर्च भागत नाही, असे विद्यापीठे म्हणतात, आणि ते अगदीच खोटे नाही. २०२३ या आर्थिक वर्षात तेथील विद्यापीठांनी संशोधनावर सुमारे १०९ अब्ज डॉलर खर्च केले. त्यांपैकी सुमारे ५५ टक्के केंद्र सरकारचे होते, तर जवळजवळ चौथा हिस्सा विद्यापीठांनी स्वतःच्या पैशातून घातला. ओव्हरहेडमधील प्रशासकीय खर्चावर १९९१ पासून २६ टक्क्यांची मर्यादा आहे. त्यापुढचा भार विद्यापीठालाच सोसावा लागतो. या 'स्वतःच्या पैशात' देणग्या, राज्याचे अनुदान आणि फी असे सगळेच येते, आणि एकदा एका तिजोरीत पडलेला पैसा कुठला होता हे सांगता येत नाही.

तरीही फीवाढीचे सगळे खापर संशोधनावर फोडणे मला पटत नाही. २००८ च्या मंदीनंतर राज्यांनी सरकारी विद्यापीठांचे अनुदान कापले, आणि संशोधनाशी फारसा संबंध नसलेल्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांतही त्या काळात फी वाढलीच.

पदवीच्या विद्यार्थ्याला संशोधनाची किंमत मोजावी लागते ती प्राध्यापकांच्या वेळात. ग्रँटच्या पैशातून प्राध्यापक आपले शिकवण्याचे तास कमी करून घेऊ शकतात, आणि मग तो वर्ग कंत्राटी शिक्षकाकडे किंवा माझ्यासारख्या विद्यार्थ्याकडे येतो. ग्रँटवर येण्यापूर्वी दोन वर्षे मी प्रॅक्टिकल घेत होतो आणि त्या बदल्यात माझी फी भरली जात होती. सकाळच्या बॅचला एक मुलगी कॉफीच्या दुकानातून थेट येई. पिपेट धरताना तिच्या बाहीवर दुधाचे डाग दिसत. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'च्या गावात वाढलेल्या मला कष्टाचे अप्रूप नव्हते, परंतु भरपूर फी भरून तिला शिकवायला मिळालो होतो तो मी, ज्याला स्वतःलाच आदल्या रात्री तो प्रयोग वाचून यावा लागत असे, हे मात्र खटकत राहिले.

म्हणून मामांना एवढेच सांगितले, की पहिल्या वर्षाचे वर्ग कोण घेते आणि एका वर्गात किती मुले असतात, हे प्रत्येक विद्यापीठाला पत्र लिहून विचारा. त्यांनी यादीतल्या तीन नावांपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले. बहिणीने त्यातले एक लगेच खोडरबराने पुसून टाकले.