पुट ऑफ

सोमवारी दुपारी जेवून जरा लवंडलो होतो, तेवढ्यात दाताच्या दवाखान्यातून फोन. ‘काका, तुमची उद्याची अपॉइंटमेंट पुट ऑफ झालीये हं, गुरुवारी या.’ रूट कॅनॉलचं प्रकरण. फोन ठेवला आणि उठून चक्क चिवड्याचा डबा काढला. खाल्ला अर्थात दुसऱ्या बाजूने.

हे पुट ऑफ आम्हाला पंचवटीतल्या शाळेत सरांनी स्कूटरवरून शिकवलं. म्हणजे फळ्यावर स्कूटर काढून. पुढे पुट, मागे ऑफ. ‘मीटिंग’सारखा जाडजूड पाहुणा असला तर त्याला मध्ये कोंबा नाहीतर पार मागे बसवा, दोन्ही चालतं. पण ‘इट’ म्हणजे लहान पोर, ते मध्येच बसणार. पुट इट ऑफ. ‘पुट ऑफ इट लिहिलंत, की पोर पडलंच रस्त्यावर!’ अजूनही रविवार कारंजावर एका स्कूटरवर तिघं दिसले, की मधलं पोर मला सर्वनाम वाटतं.

घरी मात्र हा शब्द दिव्यापुरताच. काका रुबाबात ‘लाइट पुट ऑफ कर’ म्हणायचे. आजीला दिवा ‘विझव’ म्हटलेलं खपायचं नाही. ‘मालव म्हणावं रे.’ काकांचं पुट ऑफ तिला चालायचं. इंग्रजीत काय विझतंय ते तिला ऐकू येत नसावं.

कामं लांबणीवर टाकायला काकांना इंग्रजी लागायचं नाही. नाशिककराला त्यासाठी सिंहस्थ आहे. वाड्याच्या जिन्याची तिसरी पायरी 2003च्या सिंहस्थाआधी बदलायची होती. मग ‘एवढी गर्दी ओसरू दे’. 2015ला पुन्हा तेच. गुरू बिचारा 12 वर्षांनी सिंह राशीत वेळेवर आला, सुतार काही आला नाही. आम्ही सगळे आजही दुसरीवरून थेट चौथीवर पाय टाकतो. पाहुण्यांना सांगायचं राहून जातं, एवढंच.

चिवडा खाता खाता एक गोष्ट डोक्यात आली. इंग्रज माणूस काम ‘ऑफ’ करतो, म्हणजे बाजूला सारतो, दूर. आपण ते ‘पुढे’ ढकलतो. पुढे! म्हणजे ज्या वाटेने आपल्याला जायचंय, नेमकं तिथेच नेऊन उभं करतो. आणि वर चालढकल म्हणतो. चालायचं, ढकलायचं, परत चालायचं, परत ढकलायचं.

याच्यावर अजून काहीतरी चांगलं सुचलं होतं. पण दाढेत शेंगदाणा अडकला आणि ते गेलं. पुट ऑफचा आणखी एक अर्थ आहे, एखाद्या गोष्टीवरचं मन उडणं. तो मला त्या दवाखान्यातल्या लवंगतेलाच्या वासाने शिकवलाय, सरांनी नाही.

आज बुधवार. दाढ सकाळपासून अजिबात दुखत नाहीये. फोन करून बघावा का, असं वाटतंय.