तवंदी चढली की घुमायला लागते

बेळगावात खानापूर रोडला, उद्यमबागेच्या आतल्या बाजूला माझं गॅरेज आहे. एका अंगाला फाउंड्री, दुसऱ्या अंगाला लेथवाले. दिवसभर नुसता खणखणाट. अशा जागेत बसून मी गाड्यांतले बारीक आवाज शोधतो याचं गिऱ्हाइकांना हसू येतं. पण आवाज काय गॅरेजात सापडत नसतो. तो रस्त्यावर सापडतो, नाहीतर मालकाच्या बोलण्यात.

पाऊस ओसरल्यावर निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी गाडी घेऊन आले. चार सिलिंडरची डिझेल सेडान, लाखाच्या वर पळालेली, पण निगा चांगली. खाली उतरल्या उतरल्या त्यांनी डिकीतून एक पिशवी काढून माझ्या टेबलावर आपटली. आत पुढच्या चाकाचं जुनं बेअरिंग.

“मिस्त्री, हे बदलून झालंय. चारी टायर नवे घातलेत. अलाइनमेंट, बॅलन्सिंग सगळं झालंय. आणि गाडी अजून घुंऽऽ करतेच आहे. ऐंशीला गेलं की डोकं उठतं बघा.”

बेअरिंग हातात घेऊन फिरवलं. कुठं खरखर नाही, खेळ नाही. जुनं होतं, पण मेलेलं नव्हतं.

आधीच्या मिस्त्रीला मी नावं ठेवणार नाही. आमच्या भागात घुमणारी गाडी आली की पहिला संशय बेअरिंगवर जाणं साहजिक आहे. खानापूर तालुक्यातला पाऊस, पाण्यानं भरलेले खड्डे, साखर कारखान्यांच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या कडा. बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत गेलं, ग्रीस धुऊन निघालं की ते घुमायला लागतंच. पण बेअरिंग खोलायच्या आधी ते ओळखायची रीत आहे. मोकळ्या रस्त्यावर गाडी अलगद उजवीकडे वळवली की वजन डाव्या चाकांवर येतं. तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्या बाजूवर, डावीकडे वळवताना वाढला तर उजव्या. टायरचा आवाज असेल तर तो रस्ता बदलला की बदलतो, गुळगुळीत डांबरावर एक, खडबडीत खडीवर दुसरा. बेअरिंगला रस्त्याचं काही पडलेलं नसतं.

मी त्या व्यापाऱ्यांना, म्हणजे सावकारांना, विचारलं, “आवाज जातो कधी?”

“जातो म्हणजे? जात नाही म्हणून तर आलोय.”

येतो कधी हे सगळेच सांगतात. जातो कधी हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, आणि खरी गाठ तिथंच सुटते. सावकार आठवत राहिले. त्यांच्या घरच्या मंडळी लग्नाच्या खरेदीसाठी खडे बाजारला निघालेल्या, त्या मागच्या सीटवरूनच म्हणाल्या, “सकाळी निघताना नसतो की ओ. तवंदी चढून वर आलं की सुरू होतो.”

“तसं काय नाही मिस्त्री, तिला काय कळतंय गाडीतलं.”

“वहिनी, परत एकदा सांगा,” मी म्हणालो.

त्यांनी परत सांगितलं, तेही नीट तपशिलात. निपाणीतून हायवेला लागल्यावर सुरुवातीला गाडी शांत. तवंदीचा घाट चढून कणगल्याकडे उतरलं की घुमणं सुरू, मग संकेश्वर, हत्तरगी, काकती, थेट बेळगावपर्यंत. बेळगावात दोन तास गाडी उभी राहिली की परतीच्या सुरुवातीला पुन्हा शांत.

म्हणजे आवाज नुसता वेगाचा नव्हता, तापण्याचाही होता. चाकाचं बेअरिंग घाट चढायची वाट बघत बसत नाही. सपाट रस्त्यावरही ऐंशीला ते घुमलंच असतं. आधी जिथं जिथं गाडी दाखवली तिथं ती संध्याकाळी सोडलेली आणि सकाळी रॅम्पवर चढवलेली. थंडगार गाडी खालून बघून कुणाला काय दिसणार?

गाडी पाऊणशे किलोमीटर पळून आलेली, गरमच होती. चहा बाजूला ठेवला, सावकारांना शेजारी बसवलं आणि तशीच ट्रायलला काढली. वहिनींना रिक्षात बसवून बाजारात पाठवलं. पिरनवाडी, मच्छे मागे टाकून देसूरच्या बाजूला रस्ता मोकळा मिळाला. पाचव्या गिअरमध्ये ऐंशी, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोन हजाराच्या आसपास, आणि सुरू झालं. कानापेक्षा छातीत जास्त जाणवणारं घुंऽऽ. आरशातली मागची गाडी थरथरताना दिसत होती.

वेग तोच ठेवून चौथा टाकला. आवाज गायब.

सावकार माझ्याकडे बघायला लागले. “आता कसा गेला?”

“गाडी आत्ताही ऐंशीलाच आहे ना? चाक तेवढंच फिरतंय, टायर तेवढाच फिरतोय. बदललं ते इंजिन.” चाकाला गिअर कळत नाही. ज्या आवाजाला गिअर कळतो तो चाकाचा नव्हे. परत पाचवा टाकला, आवाज परत. क्लच दाबून इंजिन सुटं केलं, पुन्हा गायब. वळणं घेऊन बघितली, काही फरक नाही. चार नव्या टायरांचे आणि एका बेअरिंगचे पैसे त्या एका मिनिटात सावकारांच्या चेहऱ्यावर दिसले.

त्यांच्या हातात माझा फोन दिला. त्यात आवाजाची कंपनं मोजणारं एक फुकटचं अ‍ॅप आहे. सगळ्यात उंच टोक सेकंदाला 67 च्या जवळ. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला दोन हजार फेरे म्हणजे सेकंदाला तेहतीस-चौतीस, दुपटीनं सदुसष्टच्या घरात. इंजिनाचेच ठोके कुठून तरी थेट बॉडीत शिरत होते, आणि बंद काचांची केबिन तेवढ्याच सुरात घुमत होती.

मग रस्त्याकडेला उभी करून न्यूट्रलमध्ये दोन हजारावर ठेवली. जेमतेम गुणगुण, ते घुमणं नाही. हेही उपयोगाचंच होतं. इंजिनावर लोड आला की ते आपल्या जागेवर थोडं कलतं. म्हणजे काहीतरी असं होतं की जे तापल्यावर आणि इंजिन कलल्यावर बॉडीला टेकतं, एरवी सुटं असतं. पहिला संशय इंजिन फाउंडेशनच्या, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं त्या रबरांवर, दुसरा सायलेन्सर पाईपवर.

गॅरेजात येऊन गाडी लिफ्टवर घेतली. पहारीनं उचलून फाउंडेशनची रबरं बघितली. धड होती, तडे नाहीत, बसलेली नाहीत. मग बॅटरी घेऊन पुढून मागं पाईप बघत गेलो. इंजिनाजवळ जिथं जाळीचा फ्लेक्सिबल पाईप असतो, तिथं तो नव्हताच. त्या जागी वीतभर साधा सरळ पाईप, दोन्ही बाजूंना वेल्डिंगचे जाड टाके.

“हे कुणी केलं?”

सावकारांना आठवायला वेळ लागला. शेतातल्या गोडाउनकडे जाताना वैशाखात खालून दगड लागला होता. गाडी ट्रॅक्टरसारखी फटफटायला लागली. जवळच्या वेल्डरनं फाटलेला तुकडा कापून पाईप जोडून दिला, फटफट बंद झाली, विषय संपला. पुढचे काही महिने गाडी गावातल्या गावातच फिरली. हायवेला ऐंशीचा वेग लागला तेव्हा घुमणं कळलं, पण तोवर त्या वेल्डिंगशी त्याचा संबंध जोडायचं कुणाच्या डोक्यात येणार?

तो जाळीचा तुकडा शोभेला नसतो. इंजिन हलतं, बॉडी हलत नाही, मधला फरक त्यानं गिळायचा असतो. तो काढून टाकला की इंजिनाचं प्रत्येक कलणं शेपटापर्यंत जातं. त्यात तापलेलं पोलाद वाढतं. अडीच मीटरचा पाईप 300 अंशांनी तापला तर सुमारे 9 मिलिमीटरनं लांब होतो. गाडीखाली 9 मिलिमीटर म्हणजे फार झाले.

पण टेकतो कुठं? एव्हाना पाईप निवला होता आणि सगळीकडे बोट आत जाईल एवढी फट. गॅरेजातला पोरगा म्हणाला, खडू लावूया. खडू गरम पाईपवर राहत नाही, आणि किती दाबला गेला तेही सांगत नाही. शेजारच्या खानावळीतून चपातीची कणीक मागवली. भाकरीचं पीठ तडकतं, ते नको. संशय होता त्या फटींमध्ये बॉडीच्या बाजूला कणकेचे लहान गोळे चिकटवले, वरून तार गुंडाळली आणि पुन्हा मच्छेकडे. या खेपेला मुद्दाम ताणून चालवली, पाईप चांगला तापू दिला. आवाज आला, परत फिरलो.

लिफ्टवर घेतल्यावर खाली खमंग वास. गोळे सगळे भाजले गेले होते, पण आपापल्या आकारात. एक सोडून. मागच्या अ‍ॅक्सलच्या वर, पाईप वळतो तिथल्या ब्रॅकेटवरचा गोळा कागदासारखा चपटा, त्यावर पाईपची गोलाई उमटलेली. खरवडून काढला. खाली पाईपच्या तांबूस गंजात नखाएवढा एक डाग, नव्या नाण्यासारखा चकचकीत. सावकारांनी स्वतः बॅटरी धरून बघितला.

“एवढासा?”

“एवढासाच.”

पुढचं काम फारसं नवलाचं नव्हतं. मागच्याच गल्लीतला वेल्डर आला. आर्क लावायच्या आधी गाडीच्या बॅटरीची वायर सोडली, नाहीतर कंट्रोल युनिट जाऊ शकतं. सरळ तुकडा कापला, त्याच मापाचा फ्लेक्सिबल आणला. वेल्डर कन्नड, मी मराठी. मी मागं पडून फटीकडे बघत “स्वल्प एडक्क” म्हणायचं, त्यानं पाईप डावीकडे ढकलून “बस?” विचारायचं, मी “साक” म्हणायचं. आधी नुसते ठिपके मारून पाईप जागेवर धरला, पाईपवर कुठं ताण नाही ना हे बघितलं, मगच पूर्ण टाके. सायलेन्सर टांगणारी रबरं ताणून लोंबत होती, तीही सगळी नवी घातली. ब्रॅकेटपाशी अंगठा जाईल एवढी जागा ठेवली, गरम झाल्यावरचे 9 मिलिमीटर धरून.

तिसऱ्या प्रहरी सावकारांनी स्वतःच चालवली. पाचवा, ऐंशी, दोन हजार. नंतर शंभर. काही बोलले नाहीत. परत येऊन त्यांनी ते बेअरिंग पिशवीतून काढलं. “मग हे परत बसवा की. चांगलं आहे म्हणालात.”

बसवता येत नाही. प्रेस करून बसवलेलं बेअरिंग हबमधून ओढताना सगळा जोर आतल्या गोळ्यांवर येतो, त्यांच्या वाटेवर खळगे पडतात. हाताला गुळगुळीत लागलं तरी गाडीखाली महिन्याभरात घुमायला लागेल, आणि मग खरोखरच बेअरिंगचा आवाज येईल. सावकारांनी ते पिशवीत परत घातलं. निपाणीला कुणाच्या टेबलावर ते आपटणार होते ते मी विचारलं नाही.

बिलात फ्लेक्सिबल, रबरं, वेल्डिंग आणि शेवटी एक वेगळी ओळ: आवाज शोधण्याची मजुरी. त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी चांगली वीस मिनिटं घासाघीस केली. पार्टचे पैसे, वेल्डिंगचे पैसे यावर एक शब्द नाही, पण “शोधायचे कसले पैसे?” आमच्याकडे डॉक्टरला तपासणीची फी बिनबोभाट मिळते, मिस्त्रीला नाही. मी ती ओळ कधी खोडत नाही. तेवढ्यात खडे बाजारातून वहिनी पिशव्या घेऊन आल्या, बिल हातात घेऊन वाचलं आणि म्हणाल्या, “शोधलं तर मी. निम्मे मला द्या.”

सावकार हसले आणि पाकीट काढलं. पूर्ण रक्कम दिली, पण गाडी धुऊन घेतल्याशिवाय हलले नाहीत.