तुम्ही विचारलंत म्हणून: .४४ मॅग्नमसाठी पावडर कोणती?

काडतुसं स्वतः भरणाऱ्याला हा प्रश्न हटकून येतो: '.४४ मॅग्नम घेतलंय, त्यात पावडर कोणती घालू?' (.४४ मॅग्नम म्हणजे रिव्हॉल्व्हरचं एक जोरदार काडतूस.) मी आधी उलट विचारतो, गोळी कोणती आणि तिच्याकडून काम काय हवंय? पावडर गोळीवर ठरते आणि प्रायमर, म्हणजे पावडर पेटवणारी बुडातली छोटी टोपी, पावडरवर. क्रम उलटा झाला की घरात जो डबा पडलाय त्याच्याशी बाकीचं जुळवून घेणं सुरू होतं. .४४ स्पेशल या जुन्या, सौम्य काडतुसाची दाबाची कमाल मर्यादा १५,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, मॅग्नमची ३६,०००. तिथे असं जुळवून घेणं मला अजिबात मान्य नाही.

मॅग्नम स्पेशलमधूनच जन्मलं. एल्मर कीथ हा अमेरिकन बंदूक-लेखक वर्षानुवर्षं स्पेशलच्या केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, जड गोळी आणि २४०० नावाची पावडर भरून प्रयोग करत होता. १९५५ साली रिव्हॉल्व्हर बनवणारी स्मिथ अँड वेसन आणि काडतुसं बनवणारी रेमिंग्टन या कंपन्यांनी मॅग्नम आणलं, तेव्हा त्याची केस सुमारे १/८ इंच लांब ठेवली, जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये ती जाऊच नये म्हणून.

आता गोळी. नाव .४४ असलं तरी गोळीचा व्यास .४२९ ते .४३१ इंचांच्या आसपास असतो. शिशाची ओतीव गोळी घेणार असाल तर ती आधी सिलिंडरच्या तोंडाशी लावून बघा. बोटाने हलकेच दाबल्यावर सरकली तर माप बरोबर. आपोआप आरपार पडली तर ती बारीक आहे. कडेने तापलेला वायू निसटेल आणि नळीत शिसं चिकटेल. अशा वेळी लोक आणखी कडक गोळी शोधतात. माझ्या मते कडकपणापेक्षा माप कितीतरी महत्त्वाचं.

पूर्ण ताकदीच्या भारासाठी सावकाश जळणारी पावडर हवी. तिचं माप मोठं असतं, केस बरीचशी भरते, आणि चुकून दुसऱ्यांदा ओतली तर बाहेर सांडते. झटकन जळणाऱ्या पावडरचं माप इतकं कमी असतं की दुप्पट पडली तरी ती आत मावते, आणि मग सिलिंडर फुटतो. म्हणून गोळ्या बसवण्यापूर्वी दिवा जवळ धरून प्रत्येक केसमध्ये डोकवायचंच. सावकाश पावडरींतही फरक आहे. एच११० आणि डब्ल्यू२९६ ही दोन नावांनी विकली जाणारी एकच पावडर. जोरदार भाराला ती उत्तम, पण सौम्य भारासाठी कमी करायची नाही. काडतुसं भरण्याची मापं देणाऱ्या पुस्तकातल्या मापापेक्षा ३ टक्क्यांहून जास्त खाली येऊ नका, असं ती विकणारी हॉजडन कंपनीच बजावते. कमी मापात ती नीट पेट घेत नाही आणि गोळी नळीत अडकू शकते. पुढचा बार त्या अडकलेल्या गोळीवर बसला तर नळी फुगते. २४०० याबाबतीत जास्त सांभाळून घेते, म्हणून नवख्याला मी तीच सुचवतो.

प्रायमरचं थोडक्यात: पुस्तकात लिहिलाय तोच. एच११०ला मॅग्नम प्रायमर लागतो. बसवल्यावर केसच्या बुडावरून बोट फिरवा. जरा जरी वर राहिला असेल तरी सिलिंडर फिरताना घासतो.

क्रिम्पकडे, म्हणजे गोळी घट्ट धरायला केसचं तोंड आत वळवण्याकडे, मात्र फार दुर्लक्ष होतं. बार उडाला की रिव्हॉल्व्हर झटक्याने मागे येतं आणि उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या जागेवर राहू पाहतात, म्हणजे केसमधून पुढे सरकतात. एखादी सिलिंडरबाहेर डोकावली की सिलिंडर अडकलाच. रिव्हॉल्व्हरचं काडतूस बुडाच्या कडेवर टेकतं, त्यामुळे केसचं तोंड गोळीच्या खाचेत चांगलं घट्ट वळवता येतं. मात्र सगळ्या केसेस एका लांबीच्या हव्यात. तपासायचं असं: एका काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजून ठेवा, ते सिलिंडरमध्ये ठेवून बाकीचे पाच बार उडवा, मग तेच पुन्हा मोजा. लांबी वाढली असेल तर क्रिम्प किंवा केसची पकड कमी पडतेय.

तेव्हा कायद्याने परवानगी असेल तिथे सुरुवात अशी करा: २४० ग्रेन वजनाची, खाच असलेली गोळी, २४०० पावडर, आणि चालू आवृत्तीच्या पुस्तकातलं सुरुवातीचं माप. यातली एकही वस्तू बदललीत, अगदी प्रायमरची कंपनीसुद्धा, तर पुन्हा त्याच सुरुवातीच्या मापावर या.