वानर की माकड? दोन फलकांच्या परवानगीची गोष्ट

दोन फलकांच्या परवानगीसाठी मी सात चकरा मारल्या. त्यातल्या पाच एकाच टेबलासमोर. कार्यालयाचं नाव घेत नाही. मला नाशिकमध्येच राहायचंय.

काम एवढंसं. अंजनेरीच्या वाटेवर वानरं बसलेली असतात आणि मारुतीचं जन्मस्थान म्हणून आलेले लोक भक्तीनं त्यांना वेफर्स, पेढे चारतात. पायथ्याशी ‘खायला देऊ नका’ आणि ‘का देऊ नका’ असे दोन फलक लावायचे. मजकूर आमचा, खर्चही आमचा. गावातल्या मंडळींनी चहा संपायच्या आत होकार दिला.

अर्जात मी ‘वानर’ लिहिलं होतं. टिपणी टाइप होऊन आली त्यात ‘माकड’. दुरुस्ती करा म्हटलं, तर लिपिक हसले, “सर, वानर काय नि माकड काय, एकच ना?”

मोबाइलवर फोटो दाखवले. हे काळ्या तोंडाचं, अंगापेक्षा लांब शेपटीचं वानर. हे लाल तोंडाचं, गालात चणे कोंबणारं माकड. वानर पाला खाऊन जगतं. त्याच्या पोटाला गाईच्या पोटासारखे कप्पे असतात, त्यात जिवाणू पाला आंबवतात. पेढ्यानं तेच बिघडतं. आमचा अख्खा मजकूर यावर उभा होता. त्यांनी मन लावून ऐकलं, “भारीच की!” म्हणाले. पुढच्या आठवड्यात वर गेलेल्या नमुन्यात मजकूर वानराचा, शीर्षक माकडाचं आणि फोटो कुठून तरी उतरवलेल्या लालतोंड्याचा! पुन्हा अर्ज. मग साहेब मीटिंगला. मग लिपिक रजेवर, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे.

(पोच घ्या, हे आधीच सांगायला हवं होतं. आवक क्रमांकाचा शिक्का असलेली प्रत नसती, तर मूळ अर्जात ‘वानर’च होतं हे कुणी मानलं नसतं.)

शेवटी साहेब भेटले. पोटाच्या कप्प्यांनी ते काही हलले नाहीत. मी सहज म्हणालो, वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली, त्यात लाल तोंडाचं ऱ्हीसस माकड अनुसूचीतून, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीतून, वगळलं. वानर अजून यादीत आहे. साहेबांनी लगेच बेल दाबली. “फोटो बदला, शीर्षक बदला.” दोन मिनिटं! इतकी वर्षं प्राणिशास्त्र शिकवून मला हे पहिल्या चकरेला सुचू नये? सरकारी टेबलावर विज्ञान नेताना कायद्याची झेरॉक्स वर ठेवा, पोट खाली.

आणि मजकूर छोटा ठेवा. आमचा पहिला मसुदा चाळीस ओळींचा होता. धापा टाकत चढणारा माणूस चार ओळी वाचतो. ‘अधिवास’, ‘पचनसंस्था’ काढून टाकले. ‘यांचं पोट पाल्याचं आहे’ ठेवलं.

फलक लागलेत, वानराचेच. कुणाला असंच काम करायचं असेल आणि आमच्या परवानगीचा दाखला हवा असेल, तर त्या कार्यालयात ‘वानर’ म्हणून विचारू नका, सापडणार नाही. फायलीवर अजून ‘माकड फलकाबाबत’ असंच लिहिलंय.