तुम्ही विचारलंत म्हणून: गेम खेळणारी मंडळी नेमकी कशावर हसतात?

स्वतः न खेळणारी, पण घरात किंवा मित्रांत खेळणारं कोणी असलेली माणसं मला हा प्रश्न हमखास विचारतात. हेडफोन लावून बसलेला मुलगा मध्येच ‘एफ’ म्हणतो, पलीकडून कोणीतरी ‘अरे याला नर्फ करा’ म्हणून ओरडतं आणि चौघं खो-खो हसतात. यात हसण्यासारखं काय होतं? आणि हे शब्द शिकायचे तर कुठे यादी मिळेल का?

याद्या भरपूर आहेत, पण त्या पाठ करून हसू येत नाही. या बोलीतल्या बहुतेक विनोदांखाली गेममधली एखादी ठोस गोष्ट असते: एखादं बटण, एखादा नियम, एखादा आकडा. ती कळली की विनोद आपोआप कळतो. शब्द कोणी उच्चारला आणि कोणत्या क्षणी, हेही बघावं लागतं, कारण अर्थ बऱ्याचदा त्यावरच फिरतो.

‘जीजी’चंच बघा. ‘गुड गेम’, म्हणजे छान खेळ झाला, हा यादीतला अर्थ. 1998 साली आलेल्या स्टारक्राफ्ट या युद्धाच्या गेममध्ये नियमानुसार समोरच्याची शेवटची इमारत पडेपर्यंत सामना संपत नाही. निकाल मात्र त्याच्या कितीतरी आधी दोघांनाही कळलेला असतो. मग हरणारा ‘जीजी’ टाइप करतो आणि बाहेर पडतो. शरणागती आणि समोरच्याचं कौतुक दोन अक्षरांत उरकतं. म्हणूनच एकास एक सामन्यात ते आधी म्हणण्याचा मान हरणाऱ्याचा. जिंकत असलेल्याने आधी टाइप केलं, तर त्याचा अर्थ ‘तुझं संपलंय, आता निघ’ असा होतो आणि तो सरळसरळ उद्धटपणा मानतात. संघांच्या खेळात निकालाचा पडदा आला की कोणीही म्हणावं, चालतं. त्यापुढे ‘ईझी’, म्हणजे ‘सोपं होतं’, जोडलं की मात्र सगळी चव जाते. ओव्हरवॉचच्या निर्मात्यांनी यावर फार सुंदर उपाय केला. कोणी ‘जीजी ईझी’ टाइप केलं की गेम ते खोडून त्याच्याच नावाने दुसरंच एखादं वाक्य दाखवतो, जसं: माझी झोपायची वेळ टळून गेलीय, आईला सांगू नका. शिक्षा न करता मग्रुरी उतरवण्याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

स्टारक्राफ्टनेच ‘झर्ग रश’ दिला. हा विनोद आकड्यांत आहे, म्हणून आकडे सांगतो. सुरुवातीला प्रत्येकाकडे 4 कामकरी आणि 50 मिनरल, म्हणजे या गेममधलं भांडवल, असतं. शहाणा खेळाडू आधी कामकरी वाढवतो, कारण कमाई त्यांच्यावर. झर्ग जमातीचा धाडसी खेळाडू एकही नवा कामकरी न करता 200 मिनरल साठवतो आणि स्पॉनिंग पूल नावाची इमारत उभारतो. ती उभारणारा कामकरी इमारतीतच खर्ची पडतो, म्हणजे उरले 3. मग 3 अळ्यांवर 50-50 मिनरल खर्चून प्रत्येकीतून 2 असे 6 झर्गलिंग, म्हणजे छोटे सैनिक, काढायचे आणि थेट शत्रूच्या दारात सोडायचे. त्याच्याकडे तोवर एकही सैनिक नसतो. डाव लागला तर काही मिनिटांत विजय. फसला, तर तीन कामकऱ्यांच्या कमाईवर पुढचा खेळ रेटायचा, म्हणजे हरल्यातच जमा. हे सगळं किंवा काहीच नाही, त्यात शत्रूची उडालेली तारांबळ, म्हणून तो शब्द ऐकताच खेळणाऱ्यांना हसू फुटतं. हल्ली कोणत्याही गेममध्ये स्वस्तातली झुंड अंगावर आली की त्याला ‘झर्ग रश’ म्हणतात.

त्याच्या शेपटीला ‘केकेके’ लागायचं. कोरियन खेळाडू हसताना ‘क’सारखं एक अक्षर ओळीने टाइप करतात, त्याचं हे रोमन रूप. पुढे 2004 च्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये दोन शत्रुपक्षांना एकमेकांची भाषा कळू नये म्हणून गेम शब्दांची मोडतोड करून दाखवू लागला. होर्ड पक्षातल्या ऑर्क जमातीच्या खेळाडूने ‘लोल’, म्हणजे हसू आलं, असं टाइप केलं की अलायन्सवाल्याला दिसतं ‘केक’. एक अक्षरही कळत नाही, पण समोरचा आपल्याला मारून हसतोय एवढं पक्कं कळतं. तिथून ‘केक’ हाच हसण्याचा शब्द झाला.

‘लिरॉय जेन्किन्स’ मात्र थोडा वेळ काढून समजून घ्यावा. 2005 सालचा, त्याच गेममधला हा व्हिडिओ. एका दालनात ड्रॅगनची अंडी पसरलेली. जवळून गेलं की अंडं फुटतं, पिल्लं अंगावर येतात, आणि एका अंड्याचा गोंधळ पाहता पाहता सगळ्या दालनाचा होतो. दाराशी उभा संघ गंभीरपणे योजना आखतोय: कोण कोणतं मंत्रबळ वापरणार, कोण कोणाला वाचवणार. एक जण हिशोब करून सांगतो की जगण्याची शक्यता 32.33 टक्के, आणि दशांशानंतरचे तीन पुढे अखंड चालू. इतका वेळ खाणं आणायला उठलेला लिरॉय परत येतो, एक शब्दही न ऐकता स्वतःचंच नाव गर्जत आत घुसतो. बाकीचे त्याच्यामागे धावतात आणि सगळेच मरतात. शिव्या पडल्यावर तो म्हणतो, निदान माझ्याकडे चिकन तरी आहे. हा प्रसंग मुद्दाम रचलेला होता, नको तितक्या योजना आखणाऱ्या संघांची थट्टा म्हणून. बहुतेक लोक फक्त लिरॉयच्या आततायीपणावर हसतात. खरी मजा त्या टक्केवारीत आहे, असं मला ठामपणे वाटतं. पुढे निर्मात्यांनी त्याच जागी 15 सेकंदांत 50 पिल्लं मारणाऱ्याला ‘जेन्किन्स’ ही पदवी ठेवली. चाहत्यांचा विनोद गेममध्ये परत घेतला जाणं, ही या संस्कृतीतली सगळ्यात मोठी दाद.

‘नर्फ’ आणि ‘एफ’चं थोडक्यात सांगतो. नर्फ हा फोमच्या खेळण्यांचा ब्रँड. 1997 च्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये हातघाईच्या शस्त्रांची ताकद घटवली, तेव्हा खेळाडू तक्रार करू लागले की आम्ही जणू नर्फच्या दांडक्याने मारतोय. तेव्हापासून एखादी गोष्ट कमजोर करणं म्हणजे नर्फ, बळकट करणं म्हणजे बफ. ‘एफ’ 2014 च्या कॉल ऑफ ड्यूटी: अ‍ॅडव्हान्स्ड वॉरफेअरमधला. अंत्यविधीचा गंभीर प्रसंग, शवपेटी समोर, आणि पडद्यावर सूचना येते की आदरांजली वाहण्यासाठी एफ दाबा. शोकासाठी बटण, या विसंगतीवर जग हसलं. एफ ही फक्त संगणकावरची कळ. एक्सबॉक्सवर त्याच जागी एक्स होतं. आता कोणाचं इंटरनेट गेलं, सेव्ह केलेली फाइल उडाली की सगळे ‘एफ’ टाकतात. हे किरकोळ नुकसानापुरतंच ठेवावं. खऱ्या मृत्यूच्या बातमीखाली एफ टाकणाऱ्याचा हेतू चांगला असला, तरी वाचणाऱ्याला ती थट्टाच वाटू शकते.

माझा सर्वांत लाडका विनोद सुपर मारिओ 64 मधला ‘अर्धा ए’. तिथे काही खेळाडू उडीचं ए बटण कमीत कमी वेळा दाबून गेम पार करण्याचा ध्यास घेतात. जानेवारी 2016 मध्ये अशाच एका खेळाडूने एक टप्पा ‘0.5 वेळा’ ए दाबून पार केल्याचा सविस्तर खुलासा केला. अर्धं बटण कसं दाबणार, यावर खूप चेष्टा झाली, पण हिशोब चोख आहे. बटणाचे तीन भाग असतात: दाबणं, धरून ठेवणं, सोडणं. काही करामतींना फक्त धरून ठेवणं पुरतं. टप्प्यात शिरण्याआधीच ए दाबून धरलं असेल, तर त्या टप्प्यात नवं दाबणं लागत नाही. तो टप्पा एकटा मोजला तर 1, पूर्ण गेमच्या हिशोबात मोजला तर 0, म्हणून अर्धा. त्याच खुलाशात ‘समांतर विश्वं’ येतात. मारिओची जागा गेम मोठ्या दशांश आकड्यात ठेवतो, पण पायाखाली जमीन आहे का हे तपासताना तो आकडा 16 बिटांत, म्हणजे फक्त 65,536 किमती मावतील एवढ्या जागेत कोंबतो. त्यामुळे दर 65,536 एककांवर तीच जमीन पुन्हा ‘असते’, फक्त दिसत नाही. तिथवर पोचायला लागणारा वेग साठवायला मारिओला 12 तास एकाच जागी घासत ठेवावं लागतं. हे ऐकून हसू येतं आणि आदरही वाटतो, आणि दोन्ही एकदम वाटणं रास्त आहे.

एक सावधगिरी. जो विनोद फार नीट जुळतो, त्याची शहानिशा करावी. 1991 च्या सिव्हिलायझेशन या राज्य उभारण्याच्या गेममध्ये भारताचे नेते असलेले गांधी अणुबॉम्ब टाकत सुटतात, कारण आक्रमकता 1 मधून 2 वजा झाले आणि शून्याखाली जाता येत नसल्याने उणे एकऐवजी आकडा फिरून सर्वांत मोठा, 255 झाला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. कर्ते सिड मायर यांनी 2020 च्या आत्मकथनात असा दोष नव्हताच म्हणून सांगितलं. पण 2010 च्या पाचव्या भागात मात्र गांधींची अण्वस्त्रांची ओढ खरोखर 10 पैकी 12 ठेवली होती. तेव्हा पाचव्या भागातले गांधी खरे, पहिल्यातले दंतकथेतले.

शिकायचंच असेल तर शब्द ऐकू आला की तिथल्या तिथे अर्थ विचारू नका. चालू लढाईत उत्तर देणारा त्या दोन सेकंदांत मरतो. फेरी संपल्यावर विचारा, आणि अर्थ न विचारता ‘तेव्हा काय झालं होतं?’ असं विचारा. तेच दृश्य दाखवायला सांगितलंत तर आणखी उत्तम. स्वतः वापरताना एका बैठकीत एखादा शब्द एकदाच पुरे. 2011 च्या स्कायरिममधले पहारेकरी सांगायचे की आम्हीही पूर्वी साहसी होतो, मग गुडघ्यात बाण लागला. मूळ वाक्य झकास होतं, पण लोकांनी ते प्रत्येक गोष्टीला चिकटवलं आणि काही आठवड्यांतच ते ऐकवेनासं झालं. आणि समोरच्याने ‘जीजी’ टाइप केलं, तर तुम्ही हरला असा की जिंकला, उत्तर एकच: ‘जीजी’.