चिरेबंदी घरातलं वायफाय आणि तीन ओपन सोर्स अ‍ॅप

सावईवेऱ्यातल्या आमच्या जुन्या घरात वसरीवर वायफाय झकास चालतं, पण माजघर ओलांडलं की रडकथा. वहिनी मागच्या खोलीत बसून ऑनलाइन शिकवण्या घेतात, त्यांचा आवाज मध्येच तुटायचा. जोडणी देणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, "प्लॅन वाढवा, नाहीतर चार अँटेनांचा राउटर घ्या." पैसे घालण्याआधी दुखणं नेमकं कुठे आहे ते मला पाहायचं होतं.

एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स (म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या) अ‍ॅपच्या दुकानातून लिब्रेस्पीड, निंग आणि वायफाय अ‍ॅनालायझर घेतली. इंटरनेटचा वेग मोजणाऱ्या लिब्रेस्पीडवर वसरीत प्लॅनचा वेग पुरेपूर दिसला, म्हणजे प्लॅन वाढवून काही साधणार नव्हतं. निंग घरच्या नेटवर्कला कोणकोणती उपकरणं जोडली आहेत ते दाखवतं. सगळी आमचीच होती.

खरं काम केलं ते वायफाय अ‍ॅनालायझरनं. जाहिराती नाहीत, आणि ते इंटरनेटची परवानगीच मागत नाही, मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. लोकेशन मात्र चालू ठेवावं लागतं, त्याशिवाय अँड्रॉइड आजूबाजूची नेटवर्कं दाखवत नाही. फोन हातात धरून मी घरभर फिरलो. वसरीवर उणे ४५ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक), माजघरात उणे ६८, मागच्या खोलीत उणे ८४. आकडा शून्याकडे जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतो; त्यातलं भिंतींतून कमी जाणारं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क तर दुसऱ्या भिंतीपलीकडे दिसेनासंच झालं. चिऱ्याच्या हातभर जाड भिंती, त्यापुढे ते काय टिकणार!

चॅनेल म्हणजे त्या पट्टीतला एकेक भाग. अ‍ॅपच्या चॅनेलच्या आलेखात प्रत्येक नेटवर्क कमानीसारखं दिसतं; शेजाऱ्यांची आणि आमची कमान ६ नंबरवर एकमेकींवर चढलेली होती. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून राउटर ११ वर नेला. माजघरात लगेच फरक जाणवला, मागच्या खोलीत नाही. तिथे माळ्यावरून लॅन केबल ओढली आणि जुना राउटर डीएचसीपी (उपकरणांना नेटवर्कवरचा पत्ता वाटायचं काम) बंद करून अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे नुसतं वायफाय पसरवणारं यंत्र, म्हणून लावला. आता तिथे उणे ५० दिसतं आणि वहिनींचा वर्ग अडत नाही.

तुम्ही हे करणार असाल तर एक लक्षात ठेवा: अँड्रॉइड ९ पासून अ‍ॅपला २ मिनिटांत ४ वेळाच स्कॅन करता येतं. म्हणून प्रत्येक खोलीत आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. अँड्रॉइड १० पासून फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्स या लपवलेल्या सेटिंग्जमध्ये ही मर्यादा काढताही येते.