खोलीपुरतं वायफाय, नोंद ३ : राउटर बसला

जागा तीच, बडोद्याच्या दांडिया बाजारातला जुना वाडा. वरच्या मजल्यावर विद्यार्थ्यांच्या खोल्या, प्रत्येक खोलीत भिंतीला एक लॅन सॉकेट (वायरने नेट घ्यायचं), वायफाय नाही. मालकाची परवानगी घेऊन झाली, आता राउटर जोडला आहे.

राउटर घेताना पोर्ट गिगाबिटचे (१००० एमबीपीएसचे) आहेत ना ते खोक्यावर वाचा. १०० एमबीपीएसचा वॅन पोर्ट (बाहेरचं नेट राउटरमध्ये येतं तो) असला की वर कितीही वेगाचं कनेक्शन असो, स्पीड टेस्ट ९४-९५ वर अडकते.

वायर लावण्याआधी राउटरचा स्वतःचा पत्ता बदलला: १९२.१६८.५०.१. इमारतीचं नेटवर्क १९२.१६८.१ चे पत्ते वाटतं आणि राउटरही कारखान्यातून तोच घेऊन आला होता. दोन्हीकडे एकच रांग असली की राउटरला आत कुठलं नि बाहेर कुठलं ते कळत नाही.

आता मुख्य गोष्ट. भिंतीतली वायर वॅन पोर्टातच जाते. ती लॅन पोर्टात (खोलीतल्या उपकरणांसाठीच्या) गेली तर राउटरचा डीएचसीपी (आपोआप पत्ते देणारी सोय) सगळ्या मजल्याला पत्ते वाटायला लागतो. शेजारच्या लॅपटॉपला १९२.१६८.५० चा पत्ता मिळतो, त्याचा गेटवे (नेटकडे जायचं दार) आपला राउटर होतो, आणि राउटरच्या वॅनमध्ये काहीच नसल्यामुळे त्याचं नेट बंद पडतं. परीक्षेच्या आठवड्यात असं झालं तर शेजाऱ्यांचा किती खोळंबा होईल, याचा विचार करून दोनदा बघूनच वायर खोचा.

ॲक्सेस पॉइंट मोड (राउटर नुसता वायफाय देतो, पत्ते इमारतीचंच नेटवर्क वाटतं) मुद्दाम टाळला. त्यात प्रत्येक फोन थेट इमारतीच्या स्विचला दिसतो, आणि इथे एका सॉकेटवर एकच मॅक (उपकरणाचा ओळख क्रमांक) चालतो. राउटर मोडमध्ये बाहेर फक्त राउटर दिसतो. दुहेरी नॅट (आतले पत्ते एका पत्त्यामागे झाकणं, एकदा राउटरवर आणि एकदा इमारतीत) होतं खरं, पण व्हिडिओ कॉल, अभ्यास, डाउनलोड यांना त्याची झळ लागत नाही. बाहेरून खोलीतल्या मशीनवर यायचं असेल तरच अडतं.

नोंदणीसाठी मालकाला मॅक देताना राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर विसंबू नका. तिथे बरेचदा लॅनचा मॅक छापलेला असतो आणि वॅनचा शेवटच्या अंकात वेगळा निघतो. स्टेटस पानावरचा वॅन मॅक द्या.

एवढं करूनही भिंत ते राउटर ही लिंक १००० एमबीपीएसऐवजी १०० वरच येत होती. सॉकेटचं झाकण उघडलं तर तपकिरी जोडीतली एक तार खाचेत नुसती टेकलेली, तिचं प्लास्टिक कापलंच गेलं नव्हतं. १०० ला १, २, ३, ६ या क्रमांकाच्या एवढ्याच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. म्हणून नेट चालू राहतं आणि दोष लपतो. पंच टूलने (तार खाचेत दाबून बसवायचं हत्यार) तार पुन्हा बसवली, लिंक १००० वर. टोकाशी जोडीचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. आपल्याकडचा नेहमीचा क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

वायफाय: २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल ११, रुंदी २० मेगाहर्ट्झ (१, ६, ११ सोडून दुसरं घेऊ नये). ५ गिगाहर्ट्झवर चॅनल ३६, रुंदी ८०. वाड्याच्या जाड भिंती इथे उपयोगीच पडतात, ५ चा सिग्नल खोलीबाहेर फारसा जात नाही आणि शेजारचा आत येत नाही. राउटर लोखंडी कपाटापासून दूर, टेबलावर. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडणी) बंद, डब्ल्यूपीए२ (पासवर्डची सुरक्षा) चालू.

पुढच्या नोंदीत वीज गेल्यावरची सोय. ॲडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलंय, मिनी यूपीएस त्याच मापाचा बघायचा आहे.